टोपी आहे की नाही

दर गुरुवारी सकाळी नेमबाजी क्लबच्या मैदानावर तीन बार काढून झाले, की व्हर्लिन रकल बंदूक टेबलावर आडवी ठेवायचा, कानातले बोळे काढायचा आणि टेबलापुढच्या वाळक्या गवतात गुडघ्यांवर उतरायचा. एकाहत्तर वर्षांचा बाप्या, अंगात शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट, आणि हरवलेली कुडी शोधणाऱ्या बाईसारखा गवत विंचरत चाललेला. नवख्याला वाटावं, म्हाताऱ्याची कवळी पडली की काय.

तो शोधत असायचा सॅबो. ठासणीच्या बंदुकीत हल्ली गोळी उघडीवाघडी ठासत नाहीत. आधी तिला प्लास्टिकच्या काळ्या वाटीत बसवायचं. ही वाटी म्हणजे सॅबो. बोटाच्या पेराएवढी, चार पाकळ्यांची, मिटल्या कळीसारखी. गोळी नळीपेक्षा बारीक, पण सॅबोसकट ती नळीत गच्च बसते. बार झाला की दोघं जोडीनं बाहेर पडतात, वाऱ्यानं पाकळ्या उलगडतात, गोळी पुढं निघून जाते आणि सॅबो वीसपंचवीस पावलांवर गवतात पडतो. जुन्या काळ्या दारूत धूर फार आणि जोर बेताचा. व्हर्लिनची बंदूक बिनधुराच्या दारूची. नळीत जोर मोठा, आणि प्लास्टिकचा जीव तो केवढा! पाकळी फाटली, बूड वितळलं, की गोळी वाट चुकलीच. म्हणून पडलेला सॅबो उचलायचा आणि वाचायचा.

वाचणं व्हर्लिनच्या हाडात होतं. एकतीस वर्षं त्यानं शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या. इंजिनाचा प्लग काढून उजेडात धरायचा, त्याच्यावरची काजळी बघायचा आणि रोग सांगायचा. ड्रायव्हर शेजारी उभा राहून काय काय सांगत असायचा, ते त्याच्या कानात शिरायचंच नाही. "यंत्र खोटं बोलत न्हाई," तो म्हणायचा. "खोटं बोलतो तो चालवणारा."

हे यंत्र मात्र दर आठवड्याला नवी भाषा बोलत होतं.

एका गुरुवारी गवतात सहा सॅबो मिळाले. चार धडधाकट, दोन फाटके. पुढल्या गुरुवारी पाच, त्यातल्या तिघांच्या पाकळ्या उपटलेल्या. बार तर तीनच काढलेले. बाकीचे मागच्या खेपेला नजरेतून सुटलेले असणार, असं तो धरून चालायचा. निशाणाच्या कागदावर एक भोक मधोमध, दुसरं खाली डावीकडं, तिसरं पार कोपऱ्यात. जणू कोंबडीनं कागद उकरला होता.

आणि हे कोडं नुसतं चाळा म्हणून सोडवायचं नव्हतं. गेल्या जानेवारीत हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी त्यानं शंभर यार्डावरच्या एका हरणीवर बार टाकला होता. ती पोटात गोळा आल्यासारखी वाकली आणि रानात शिरली. तो आणि त्याचा मेहुणा ओरिन दोन दिवस तिच्या मागावर हिंडले. पानांवर रक्ताचे ठिपके, मग ओढा, मग काहीच नाही. ओहायोच्या त्या डोंगरपट्ट्यात हरीण चुकणं ही चेष्टेची गोष्ट, पण जखमी करून हरवणं ही मान खाली घालण्याची. त्या रविवारी प्रार्थना आटोपून पॉटर्स फोर्क गावातल्या एकुलत्या खाणावळीत सगळे पाव आणि पांढरा रस्सा खात बसले असताना व्हर्लिननं चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शंभर यार्डावर तीन गोळ्या एका बशीत बसल्याशिवाय मी पुन्हा रानात पाऊल टाकणार न्हाई."

ओरिननं आपल्या कपाखालची बशी पुढं सरकवली. "हिच्यात का?"

"हिच्यातच."

त्या खाणावळीत बोललेला शब्द म्हणजे नोटरीपुढचा कागद. आता वर्ष सरलं होतं, शनिवारी हंगाम उघडत होता, आणि बशी रिकामीच होती.

या वर्षात त्यानं काय केलं नव्हतं? दारू एका ग्रेननं, म्हणजे कणभर, कमी केली. फाटके सॅबो तरी मिळालेच. आणखी कमी केली, तरी तेच. मग वाटलं, सॅबो नळीत सैल जात असणार. बायकोचा, आर्डिथचा, न्हाणीघरातला वजनकाटा उचलून शेडमध्ये नेला. रिकाम्या बंदुकीचा दस्ता त्याच्यावर टेकवायचा, गजानं सॅबो खाली दाबायचा आणि किती पौंडांचा रेटा लागतो ते बघायचं. दोन बारांमध्ये नळी गार पडावी म्हणून वीस वीस मिनिटं ट्रकमध्ये बसून राहायचं, कारण गरम नळीत प्लास्टिक लोण्यासारखं होतं. गोळी बदलली, टोप्यांची डबी बदलली. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी टिकली. ती नळीच्या मागच्या बुडात बसवली तरच दारूला ठिणगी मिळते. इतकं सारं करून फाटके सॅबो फाटकेच आणि धडके धडकेच. ज्या दिवशी जास्त फाटके, त्या दिवशी नेम बरा. सगळे धडके, तर नेम भिकार. व्हर्लिनला आपल्याच डोक्याचा प्लग काढून बघावासा वाटायला लागला.

"माझा काटा कधी परत येणार?" आर्डिथनं ताटात हरणाचं सॉसेज वाढता वाढता विचारलं. "मी जाड झाले का बारीक, मला काही कळंना झालंय."

"जाडच," ओरिन म्हणाला. तो बहिणीकडं आठवड्यातून चारदा जेवायचा आणि पाचव्यांदा डबा न्यायचा.

"तुला कुणी विचारलं?"

"आरं पण व्हर्लिन, तू पाकळ्या काय मोजत बसतोस? हरीण येऊन विचारतंय का, पाकळ्या किती हायत म्हणून? मी दारू वततो, ठासतो, धडाम! झालं. दरसाल हरीण खातो."

"तू माझं खातोस," आर्डिथ म्हणाली.

 व्हर्लिननं खिशातून एक फाटका सॅबो काढून मिठाच्या भांड्याशेजारी ठेवला आणि जेवणभर त्याच्याकडं बघत राहिला.

मंगळवारी रात्री बर्फ पडला. गुरुवारपर्यंत थांबायला त्याला धीर नव्हता, म्हणून बुधवारी सकाळीच तो क्लबवर गेला. मैदान धुतल्या चादरीसारखं पडलेलं, सशाचंही पाऊल नाही. वीस वीस मिनिटं थांबत त्यानं तीन बार काढले, आणि मग जरा गंमतच वाटली त्याला, की आज रांगायची गरज नाही. पांढऱ्यावर तीन काळे ठिपके टेबलापासूनच दिसत होते.

तीनही सॅबो धडधाकट. चारच्या चार पाकळ्या सारख्या उलगडलेल्या, एकही चीर नाही, बूड गुळगुळीत. एवढे देखणे सॅबो त्यानं वर्षभरात बघितले नव्हते. तो ते तळहातावर घेऊन शंभर यार्ड चालत निशाणापाशी गेला. एक भोक वर उजवीकडं. एक खाली, पार कागदाच्या कडेला. तिसरं तर सापडेचना. ते मागच्या फळीवर होतं.

तो तिथंच उभा राहिला. हातात सॅबो म्हणत होते, सगळं ठीक आहे. समोर कागद म्हणत होता, काहीही ठीक नाही.

मागून ट्रकचा आवाज आला. ओरिन. त्यानं बंदूक बाहेर काढली, व्हर्लिनच्याच टेबलावर ठेवली, आणि व्हर्लिन परत येईतो एकामागून एक तयारी करत राहिला. "काय मर्दा, आज बुधवारी कसा? बुधवार माझा असतो."

"तुझा कसला बुधवार?"

"कसला म्हंजे? दर बुधवारी मी हितंच बसतो की. आर्डिथ चर्चच्या शिवणकामाला जाती, घरी जेवण नसतं. म्हंतो, चला, चार बार काढू."

"ह्याच टेबलावर?"

"मंग काय दुसऱ्याच्या उरावर?"

व्हर्लिननं हळूच विचारलं, "आन् तुझं सॅबो? उचलतोस का तू?"

"मी? वाकू कशाला? पडत्यात तिथं ऱ्हात्यात."

वसंतात दोघांनी मिळून सॅबोंची एक मोठी पिशवी मागवली होती आणि आर्डिथच्या स्वयंपाकघरात, मक्याचे दाणे वाटावेत तशी, अर्धी अर्धी वाटून घेतली होती. एकच माल, एकच काळा रंग. ओरिन दारू डोळे मिटून ओतणारा, नळी गार होऊ न देणारा. त्याचे सॅबो फाटणार नाहीत तर काय. आणि व्हर्लिन वर्षभर गुरुवारी गवतात रांगून बुधवारच्या बंदुकीचा रोग वाचत होता, आणि औषध पाजत होता आपल्या बंदुकीला.

ओरिनला हे उमजलं तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून हसला. बर्फात थुंकला आणि पुन्हा हसला. "म्हंजे मी खोकलो, आन् काढा तू पिलास!"

व्हर्लिनलाही हसू फुटलं असतं, पण त्याच्या मनात एक गार गोष्ट सरकत होती. बंदूक ठीक. दारू ठीक, सॅबो ठीक. मग उरलं काय?

"तू मार," तो म्हणाला आणि आपली बंदूक ओरिनपुढं केली.

"सोड की."

"मार म्हंतो ना."

ओरिननं तीन गोळ्या मारल्या. मध्ये वीस वीस मिनिटं थांबायला व्हर्लिननंच त्याला लावलं. त्या अशा बसल्या, की वर कॉफीचा मग उपडा ठेवला असता तर झाकल्या गेल्या असत्या. बशीची बातच नको.

मग ओरिननं ते केलं, जे त्या डोंगरातली माणसं पहिल्यांदा बंदूक हातात धरणाऱ्या पोरांच्या बाबतीत करतात. त्यानं बंदूक ठासली, पाठ फिरवली, बूड उघडून बंद केलं आणि ती व्हर्लिनला दिली. "हं. आता तू." व्हर्लिननं निशाण धरलं, श्वास सोडला, चाप ओढला. टिक् एवढाच आवाज झाला. टोपी घातलेलीच नव्हती. पण नळीनं खाली अशी डुबकी मारली, जशी चोच मारताना कोंबडीची मान जाते.



"खांदा भितोय तुझा," ओरिन म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बार व्हायच्या आधीच दचकतोस तू. लई लाथ मारती ही बया. कधीपास्नं?"

व्हर्लिनला कुठं ठाऊक होतं? ती हरणी वाकली तेव्हाही नळी अशीच डुबकली असेल का? यंत्र खोटं बोलत नाही. चालवणारा बोलतो. तो चालवणारा आजवर नेहमी दुसरा कुणीतरी असायचा.

घरी येऊन तो ट्रकमध्येच बसून राहिला. इंजिन बंद, काचा धुरकटल्या. आर्डिथ चपलांवर बर्फातून आली आणि दार उघडून शेजारी बसली. त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "शनिवारी न्हाई जायचं मी. बंदूक ओरिनला देऊन टाकतो. नीट तरी मारंल."

"त्याला? तो ती ट्रकच्या मागं टाकून पावसात भिजवंल." ती थोडा वेळ काच पुसत बसली. "टोपी नसल्यावर तू दचकलास. का?"

"वाटलं, हाय म्हणून."

"आन् न्हाई, असं ठाऊक असतं तर?"

"तर कशाला दचकीन?"

"आन् हाय का न्हाई हे ठाऊकच नसलं तर?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. लग्नाच्या शेहेचाळीस वर्षांत तिनं बंदुकीला धूळ झटकण्यापुरताही हात लावला नव्हता.

गुरुवारी आणि शुक्रवारी दोघं क्लबवर गेली. दारू, सॅबो, गोळी व्हर्लिन ठासायचा. मग आर्डिथ बंदूक घ्यायची, पाठ करायची, बूड उघडायची, काहीतरी खुडबुड करायची, बूड मिटायची आणि सांभाळून त्याच्या हातात द्यायची. टोपी घातली की नुसतं बोट फिरवलं, ते तिचं तिला ठाऊक. तोंडावरची रेषही हलायची नाही. चर्चच्या पत्त्यांच्या डावात तिच्याशी कुणी खेळत नसे ते याच तोंडामुळं. बार झाला की वीस मिनिटं ट्रकमध्ये. ती शब्दकोडं सोडवायची, तो तिच्या तोंडाकडं बघून कोडं सोडवायचा.

"शेहेचाळीस वर्षं घालतीच हाय की टोपी तुला," ओरिन मागं उभा राहून म्हणाला. "आज काय नवं?"

गुरुवारी नळी सोळा वेळा डुबकली. टिक् झालं की आर्डिथ काही न बोलता एक बोट खाली दाखवायची. एवढंच. व्हर्लिनचं डोकं भणभणलं. हाय, न्हाई. असंल. दोनदा न्हवती, आता हाय. का मुद्दाम तिसऱ्यांदाही न्हाई? त्यानं तिच्या खांद्याच्या हालचालीवरून अंदाज बांधला, बोटांच्या आवाजावरून बांधला, आणि सगळे चुकले. शुक्रवारी दुपारी केव्हातरी तो अंदाज बांधायचं विसरला. डोकं इतकं गोंधळलं, की खांद्याला भ्यायला फुरसतच उरली नाही. एक बार झाला. मग टिक्, आणि आर्डिथचं बोट खाली गेलं नाही. मग बार. पुन्हा टिक्. मग बार.

ओरिन बर्फातून धापा टाकत निशाणाचा कागद घेऊन आला. तीन भोकं. खाणावळीतली बशी त्यानं खरोखरच आणली होती, मागून की चोरून ते त्यानं सांगितलं नाही. वर ठेवली. भोकं दिसेनाशी झाली.

व्हर्लिनचा चेहरा मात्र खुलला नाही. "ही बशी भरली कुणी? मी का हिनं?"

"शपथेत बायकूचं नाव न्हवतं, हे खरं हाय," ओरिननं डोकं खाजवलं. "पर बायकू नगं, असंबी तू म्हनला न्हवतास."

"एकटा बसलो, टोपी मीच घातली, की मला ठाऊकच असणार, हाय म्हणून. मंग?"

 आर्डिथ शब्दकोड्याचं पुस्तक पिशवीत घालत म्हणाली, "किती वाजता उठायचं तेवढं सांग."

शनिवारी ती ओरिनचं नारिंगी जाकीट घालून निघाली. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्यांच्याच रानाच्या टोकाला, जुन्या गवताच्या वावराकडं तोंड करून, फळकुटांची एक खोप होती. दोघं आत दोन बादल्या उपड्या घालून बसली. उजाडलं. आर्डिथनं एकदा शिंक दाबली, एकदा तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच उघडलं आणि कागद वाजतोय म्हणून पुन्हा मिटलं. बंदूक ठासलेली, पण टोपीविना, व्हर्लिनच्या मांडीवर.

सव्वाआठच्या सुमारास झाडीतून एक हरणी बाहेर आली. एकटीच. सत्तर यार्डांवर येऊन ती आडवी उभी राहिली आणि बर्फ उकरून काहीतरी खाऊ लागली.

व्हर्लिननं आर्डिथच्या गुडघ्याला हात लावला. तिनं बंदूक घेतली, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूलाच ठेवून त्याच्याकडं पाठ केली. खुडबुड. बूड मिटल्याचा बारीक आवाज. बंदूक परत त्याच्या हातात आली. त्यानं सवयीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

बंदुकीवरच्या दुर्बिणीत हरणीच्या खांद्यामागचे केस दिसत होते, त्यांच्यावरचे बर्फाचे कण दिसत होते. हाय का न्हाई? त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं चाप दाबत नेला.

टिक्.

दुर्बिणीतली फुली जिथं होती तिथंच होती. केसभरसुद्धा हलली नाही. हरणीनं मान वर केली, खोपीकडं बघितलं, रवंथ केला, आणि तिला काही घाई नसल्यासारखी झाडीत निघून गेली.

उशिरानं बार उडण्याची भीती असते, म्हणून व्हर्लिननं नळी तशीच वावराकडं धरून ठेवली. मनात साठ आकडे मोजले, मग बूड उघडलं. रिकामं.

"का गं?" तो कुजबुजला. "दया आली?"

आर्डिथनं मूठ उघडली. तळहातावर घामेजलेली एक टोपी होती. "दया कसली! तू गुडघ्याला हात लावलास आन् माझीच छाती धडधडाया लागली. मला वाटलं, घातली. मंग वाटलं, काढली. मंग बंदूक तुझ्याकडं गेलीसुदिक. माझं मलाच समजंना, हाय का न्हाई."

व्हर्लिन आवाज न करता हसायला लागला. फळकुटं हलायला लागली. तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, मग तीही तोंडावर हातमोजा दाबून हसू लागली.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "नळी न्हाई हलली. मी बघत व्हते."

"मीबी बघितलं."

वावरावर आता ऊन आलं होतं. हरणीच्या पावलांची ओळ झाडीपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. व्हर्लिन त्या ओळीकडं बघत राहिला. मग त्यानं आर्डिथपुढं हात पसरला.

"आण ती हिकडं. या खेपेला माझी मीच घालतो."

"खात्री हाय?"

"न्हाई," तो म्हणाला.

तिनं टोपी जाकिटाला पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.